मोनाकोचे तेहतीस झेंडे

राष्ट्राची प्रतिष्ठा त्याच्या ध्वजात असते आणि ध्वजाची प्रतिष्ठा तो चढवणाऱ्या हातांत असते, असं हालवार ब्रेकहुसचं ठाम मत होतं. रविवारी सकाळी पावणेआठ वाजता ते हात लोकरी हातमोज्यांत होते आणि उजव्या मोज्याला वॅफलचं पीठ लागलेलं होतं. पीठ त्याच्या बायकोच्या स्टॉलवरचं. सोल्फ्रीदने त्याला जाता जाता पातेलं धरायला लावलं होतं. तेहतीस राष्ट्रांपैकी एकालाही याची कल्पना नव्हती.

होवदालेनमध्ये भरलेल्या स्कीइंगच्या जागतिक स्पर्धेचा तो अकरावा आणि शेवटचा दिवस होता. मैदानामागच्या टेकाडावर ओळीने तेहतीस काठ्या उभ्या होत्या, एकेक बारा मीटर उंच. सकाळी आठच्या ठोक्याला तेहतीस झेंडे चढवायचे आणि सूर्यास्ताला उतरवायचे, हे हालवारचं काम. हाताखाली अकरा माणसं, प्रत्येकाकडे तीन देश, फक्त एकाकडे दोन. पगार कोणालाच नाही. असल्या कामाला तिथे दुग्नाद म्हणतात. सगळ्यांनी मिळून, फुकट आणि हसतमुखाने करायचं काम. दुग्नादची सक्ती नसते, म्हणूनच त्यातून कोणाची सुटका होत नाही. गावचा दंतवैद्य गाड्या लावून घेत होता, न्यायाधीशबाई संडासात कागदाच्या गुंडाळ्या भरत होत्या, आणि पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेला हालवार झेंड्यांवर होता.

झेंड्यांचं काम त्याने मागून घेतलं होतं. स्पर्धा गावाला मिळाल्याची बातमी रेडिओवर चालू असतानाच तो अर्ज लिहायला बसला होता. निवेदक तेव्हा गावाचं नाव दुसऱ्यांदा चुकत होता.

कारण एकच. मोनाको.

त्रेचाळीस वर्षांपूर्वी हीच स्पर्धा याच गावात भरली होती आणि झेंड्यांवर हालवारचा बाप होता, तोरस्ताइन. दहा दिवस त्याने काम चोख केलं. अकराव्या दिवशी, ऐन समारोपाला झेंडे पुन्हा चढवले तेव्हा पोलंडचा उलटा चढला. पोलंडचा झेंडा वर पांढरा, खाली लाल. उलटा केला की वर लाल, खाली पांढरा, म्हणजे मोनाकोचा. इंडोनेशियाचाही तसाच, पण ते गावात कोणाला ठाऊक नव्हतं. ही गोष्ट ना पाहुण्यांच्या लक्षात आली, ना पोलंडच्या लोकांच्या. लक्षात आली ती फक्त गुडलाइक रूस्टच्या. तो शाळेत भूगोल शिकवायचा. मंगळवारी ‘होवदालेन तिदेन्दे’ या गावच्या पेपरात त्याचं पत्र छापून आलं: ‘रविवारच्या समारोपाला मोनाकोचा झेंडा फडकताना पाहून आनंद वाटला. मोनाकोचा एकही खेळाडू स्पर्धेत नसल्यामुळे ही निव्वळ सदिच्छा असावी.’

बुधवारपासून गाव तोरस्ताइनला मोनाको म्हणू लागलं. होवदालेनमध्ये आडनाव टपालापुरतं. बाकी माणूस ओळखला जातो तो शेताच्या नावाने, नाहीतर फजितीच्या. तोरस्ताइन गेला तेव्हा शेत थोरल्या भावाला मिळालं आणि मोनाको हालवारला. पुढे पाणीपुरवठ्यात चाळीस वर्षं काढली, तरी पाइप फुटला की लोक फोनवर एवढंच म्हणत, “मोनाकोला पाठवा.”

तेव्हा हिशेब साधा होता. अकरा दिवस, तेहतीस झेंडे, एकही चूक नाही. मग मोनाको आपोआप मिटणार होता. दहा दिवस पार पडले होते.

पोलंडची काठी तेविसावी. ती हालवारने कोणावर सोपवली नव्हती. तो झेंडा स्वतः घडीतून काढायचा, पांढरी बाजू वर धरायचा, दोराच्या कड्यात अडकवायचा, पुन्हा पाहायचा, चढवायचा आणि वर पोचल्यावर मिनिटभर मान वर करून उभा राहायचा. मग चार पावलं मागे जाऊन आणखी एकदा.

त्या दिवशी मान खाली आणली तेव्हा शेजारी एक माणूस उभा होता. पोलंडच्या संघात स्कींना मेण चोळणारा व्येस्वाव. त्याची झोपडी काठीच्या समोरच होती. चार हिवाळे त्याने उत्तरेकडे मासळीच्या कारखान्यात काढले होते, त्यामुळे त्याला भाषा येत होती, पण मासळीपुरती. हातात लोणच्याची बरणी आणि कागदात गुंडाळलेलं हातभर लांब सॉसेज.

“दहा दिवस तुला बघतो,” तो म्हणाला. “रोज आमच्या झेंड्यापुढे उभा. गोठवलेल्या कॉड माशासारखा. आमच्या संघातलंही कोणी असं उभं राहत नाही.”

“तपासत असतो.”

“काय?”

“वर पांढरा आहे का.”

व्येस्वावने वर पाहिलं. “आहे की.”

“हो. आज आहे.”

व्येस्वावने सॉसेज काखेत मारून टोपी काढली. “आजी पोलंडची का रे तुझी?”

“नाही.”

“मग हे कशासाठी?”

“बापासाठी,” हालवार म्हणाला.

“वाटलंच मला,” असं म्हणून व्येस्वावने त्याला मिठी मारली. बरणी दोघांच्या मध्ये होती. हालवारला बायकोने शेवटची मिठी मारली होती ती निवृत्तीच्या दिवशी, आणि तीही फोटोसाठी. तो हात खाली सोडून मिठी संपायची वाट बघत राहिला.

दहा वाजता नदीवरून धुकं आलं.

पुरुषांची पन्नास किलोमीटरची शर्यत साडेअकराला सुटायची होती आणि अडीचला समारोप. साडेअकराला सुरुवातीच्या रेषेवरून खेळाडूंना सुरुवातीची रेषा दिसत नव्हती. शर्यत बाराला ढकलली, मग एकला, मग तीनला. त्याबरोबर समारोप सव्वासहाला गेला. ही बातमी हालवारला सांगायला हेन्रिएते टेकाड चढून आली. ऑस्लोची तिशीतली मुलगी, समारोपाची सूत्रधार. साऱ्या मैदानावर पगार घेणारी ती एकटीच, त्यामुळे पळतही ती एकटीच होती.

हालवारने खिशातून पंचांगाची पातळ वही काढली, पान उघडलं आणि बोट ठेवलं.

“सहा वाजून चार,” तो म्हणाला.

“नाही, सव्वासहा.”

“सूर्यास्त सहा वाजून चारला. समारोप सव्वासहाला. म्हणजे समारोपाला झेंडे नसतील.”

“कुठे जातील?”

“खाली. पेट्यांत.”

हेन्रिएतेने कानातलं यंत्र काढलं. “हालवार, ऐक. मैदानावर दिवे आहेत. खाली पडलेली सुई सापडेल एवढा उजेड.”

“दिवा म्हणजे सूर्य नव्हे.”

“बरं, सूर्य तर पावणेचारलाच त्या डोंगराआड जातो. काल गेला, परवा गेला. तेव्हा कुठे उतरवलेस झेंडे?”

“तो सूर्यास्त नाही. तो डोंगर आहे.”

हेन्रिएतेने डोंगराकडे पाहिलं. धुक्यात डोंगरही नव्हता. “स्की महासंघाच्या अध्यक्षांच्या भाषणात झेंडे चार वेळा आहेत,” ती म्हणाली. “‘या तेहतीस ध्वजांच्या छायेत.’ छापून झालंय. तीन भाषांत.”

“समारोप पावणेसहाला घे.”

“टीव्हीची वेळ सव्वासहाची आहे. सहाला बातम्या असतात. बातम्या हलवू म्हणतोस?”

“सूर्य हलवण्यापेक्षा सोपं आहे.”

“कोणाला कळणार आहे रे, दहा-वीस मिनिटांनी?”

“गुडलाइकला.”

“हा कोण? महासंघाचा आहे का?”

“नाही. भूगोलाचा.”

हेन्रिएतेने यंत्र पुन्हा कानात घातलं. “झेंडे राहतील,” ती म्हणाली आणि टेकाडावरून घसरत खाली गेली. पळायची सवय असली तरी बर्फाची नव्हती.

हालवार पुढे इतका कोंडीत सापडला की त्याने वॅफल नाकारलं. ब्राउन चीज घातलेलं, गरम. सोल्फ्रीदने ते परत घेतलं आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

“कोण गेलं?”

त्याने सांगितलं. झेंडे सूर्यास्तानंतर ठेवले, तर गुडलाइक लिहिणार. बापाचा मोनाको सत्तावीस मिनिटं टिकला आणि त्रेचाळीस वर्षं पुरला. इथे तर एक नव्हे, तेहतीस देश अंधारात लटकणार. उतरवले, तर जगभर टीव्हीवर बोडक्या काठ्या दिसणार, आणि त्या काठ्यांखाली कोणाचं नाव लागेल हे सांगायला नको.

“उतरव नाहीतर ठेव,” सोल्फ्रीद म्हणाली. “पण स्टॉलपुढे असं तोंड घेऊन उभा राहू नकोस. गिऱ्हाइकाला वाटतं वॅफल बिघडलंय.”

“तुला काय जातं म्हणायला. तू लग्नाआधी हाउगेन होतीस.”

“आणि आता मोनाकोबाई आहे. चाळीस वर्षं. कधी तक्रार केली?” तिने साच्यावर पीठ ओतलं. “वर स्टँडमध्ये बसलाय गुडलाइक, त्याला जाऊन विचार ना. बोलत नाही का तुम्ही?”

बोलत नव्हते. भांडण नव्हतं, फक्त त्रेचाळीस वर्षांत बोलण्यासारखं काही घडलं नव्हतं.

अडीचला धुकं उठलं. तीनला शर्यत सुटली. साडेचारच्या सुमाराला हालवार स्टँडच्या पायऱ्या चढून सगळ्यात वरच्या ओळीत गेला. गुडलाइक रूस्ट तिथे फोमच्या चौकोनी आसनावर बसला होता. वय एकोणऐंशी, पाठ ताठ, गुडघ्यांवर घोंगडी. एका बाजूला थर्मास, दुसऱ्या बाजूला पंचांग, गळ्यात दुर्बीण. खालून झेकोस्लोवाकियाच्या दोन तुकड्यांपैकी एकाचा स्कीपटू जात होता आणि सारं स्टँड ओरडत होतं. गुडलाइकची दुर्बीण टेकाडाकडे होती.

“बस,” तो दुर्बीण न काढता म्हणाला.

हालवार बसला.

“कॉफी?”

“आहे माझ्याकडे.”

दोघांनी आपापल्या थर्मासमधून आपापली कॉफी ओतून घेतली. शर्यतीतले पुढचे चौघे येऊन गेले.

“स्लोव्हाकियाची दोरी जरा ढिली आहे,” गुडलाइक म्हणाला.

“दुपारी ताणली.”

“पुन्हा ढिली झाली.”

हालवारने मनात नोंद केली. मग सरळ विचारलं, “गुडलाइक, आज झेंडे साडेसहापर्यंत राहिले, तर तू लिहिणार?”

“मी माणसांबद्दल लिहीत नाही. झेंड्यांबद्दल लिहितो.”

“म्हणजे लिहिणार.”

गुडलाइकने कोटाच्या आतल्या खिशातून चार घड्या केलेला कागद काढला. “लिहून झालंय. समारोप सव्वासहाला गेल्याचं भोंग्यावर सांगितलं, तेव्हाच बसून लिहिलं. फक्त इथे जागा ठेवलीय, बघ. किती मिनिटं उशीर, तेवढा आकडा भरायचा.”

हालवारने पाहिलं. अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं होतं. ‘होवदालेनमध्ये सूर्य अलीकडे ...... मिनिटं उशिरा मावळतो असं दिसतं.’ चांगलं वाक्य होतं. अशी वाक्यंच टिकतात.

“आणि वेळेवर उतरले तर?”

“तर पत्र नाही.”

“वेळेवर उतरले, असं नाही लिहिणार?”

गुडलाइकने पहिल्यांदा दुर्बीण खाली केली. “पाणीपुरवठ्यात होतास ना तू? आज नळाला पाणी आलं म्हणून कधी कोणी पत्र लिहिलं?”

हालवारने आठवून पाहिलं. चाळीस वर्षांत एक पत्र आलं होतं, ते चवीबद्दल होतं.

“नाही,” तो म्हणाला.

“मग.”

शर्यतीतला कोणीतरी शेवटून पाचवा गेला. लोक त्याच्यासाठीही ओरडले.

“बापाच्या त्या दिवशी उणे सव्वीस होतं,” हालवार समोर बघत म्हणाला. “दोर गोठला होता. हातमोजे घालून कडी लागेना, म्हणून त्याने ते काढले. दोन बोटं पुढे कायमची बधिर झाली. तेविसाव्या काठीपर्यंत आला तेव्हा त्याला हातात काय आहे तेच कळत नव्हतं.”

गुडलाइकने घोंगडी गुडघ्यांवर वर ओढली.

“हे मला माहीत नव्हतं,” तो म्हणाला.

“माहीत असतं तर?”

“झेंडा तरीही उलटाच होता.”

“हो,” हालवार म्हणाला. “उलटा होता.”

“सत्तावीस मिनिटं,” गुडलाइक म्हणाला. “मोजली होती मी.” आणि कॉफीचा तळ बर्फावर ओतून त्याने झाकण लावलं. हालवार उठला. पायऱ्या उतरताना त्याला कळलं की आपलं ठरलंय. ठेवले तर पत्र नक्की. उतरवले तर हेन्रिएते ओरडणार, पण हेन्रिएते सोमवारी ऑस्लोला जाणार होती आणि गुडलाइक कुठेच जाणार नव्हता. त्याहून खोल असं काही कारण होतं की नाही, याचा विचार त्याने केला नाही. आधी जाऊन स्लोव्हाकियाची दोरी ताणली.

साडेपाचला नदीवरून धुकं पुन्हा आलं, सकाळपेक्षा दाट. शेवटचा खेळाडू पाच एक्केचाळीसला अंतिम रेषेवर पोचला आणि तसाच पुढे मैदानाबाहेर गेला. त्याला शोधून परत आणावं लागलं. दिवे लागले. दिव्यांनी धुकं पांढरंशुभ्र उजळलं आणि त्यापलीकडे काही उरलं नाही.

पावणेसहाला हालवारने अकरा माणसांना गोळा केलं.

“सहा वाजून चारला, माझ्या शिट्टीवर. सगळे एकदम, सावकाश. कोणाचाही कोपरा बर्फाला लागता कामा नये.”

“आणि समारोप?” ग्रंथपालबाईने विचारलं. तिच्याकडे फिनलंड, एस्टोनिया आणि जपान होते.

“समारोप होईल.”

अकरा माणसं आपापल्या काठ्यांकडे गेली आणि पाचव्या पावलावर दिसेनाशी झाली. एवढ्यात खालून हेन्रिएते आली. धुक्यातून आधी तिचा श्वास आला, मग ती.

“कोणीतरी सांगितलं तू उतरवतोयस.”

“सहा मिनिटांनी.”

“हालवार, प्लीज.” ती वाकून गुडघ्यांवर हात ठेवून दम घेत होती. “नाहीतरी या धुक्यात ते दिसत नाहीत. खालून काठीसुद्धा दिसत नाही. मग ठेवले तर तुझं काय जातंय?”

“दिसत नसतील, तर उतरवले म्हणून तुझं काय जातंय?”

हेन्रिएतेने वर धुक्याकडे पाहिलं.

“धुकं उठलं तर?” तिने विचारलं.

“तर काठ्या दिसतील.”

“आणि अध्यक्ष म्हणणार, ध्वजांच्या छायेत.”

“सूर्य मावळल्यावर छाया नसतेच,” हालवार म्हणाला. त्याने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं.

सहा वाजून चार मिनिटांनी त्याने शिट्टी फुंकली.

तेहतीस काठ्यांवरची दोरांची कुरकुर सुरू झाली. दुसरा काही आवाज नव्हता. अकरा माणसांपैकी जवळचं एकच दिसत होतं, लोहाराची विधवा, तिच्या हातात वरून स्वित्झर्लंड उतरत होता. हालवार तेविसाव्या काठीशी होता. दोर सोडत तो वर बघत राहिला. बराच वेळ नुसतं पांढरं. मग त्या पांढऱ्यातून लाल कड खाली आली, ओली, जड. आणि लालच्या वर, धुक्यातून सुटा होत, पांढरा. आधी लाल, मग पांढरा. बरोबर होता. अकरावा दिवस संपेपर्यंत बरोबर होता. त्याने झेंडा छातीशी धरला, कडी सोडवली, मोजे न काढता घडी घातली आणि पेटीत ठेवली. घड्याळात सहा वाजून नऊ झाले होते. सगळं पाहून झाल्यावर त्याला पहिल्यांदा जाणवलं की हे पाहणारा तो एकटाच होता.

सव्वासहाला समारोप सुरू झाला. अध्यक्ष म्हणाले, “या तेहतीस ध्वजांच्या छायेत,” आणि वर हात केला. सारं स्टँड हाताच्या दिशेने वर धुक्याकडे बघायला लागलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या तीन वेळांनाही वाजवल्या. टीव्हीवर निवेदक म्हणाला की नॉर्वेच्या हिवाळ्याने समारोपाला एक गूढ वातावरण दिलंय. महासंघाचा निळा झेंडा पुढच्या यजमान गावाच्या हातात दिला गेला. तो कुठल्याच देशाचा नसल्यामुळे त्याला सूर्य लागू नव्हता. हे हालवारने आधीच तपासून ठेवलं होतं. हेन्रिएतेने समारोप संपल्यावर टेकाडावर येऊन त्याला हात दिला. “छान झालं,” ती म्हणाली. तिचा आवाज नेमका कशाबद्दल समाधानी होता, हे त्याने विचारलं नाही.

साडेसातला शाळेच्या जिमखान्यात दुग्नादच्या माणसांसाठी कॉफी आणि केक होता. लांब टेबलं, कागदी पेले, मार्झिपानचे सात केक. हालवार सोल्फ्रीदच्या शेजारी बसला होता. पुढ्यात व्येस्वावने दिलेली लोणच्याची बरणी होती. आयुष्यात पहिल्यांदा रविवारच्या संध्याकाळी त्याला काहीतरी संपल्यासारखं वाटत होतं, आणि ते मंगळवारच्या पेपरात कसं दिसेल, हेही तो मनात रचत होता.

गुडलाइक टेबलापाशी आला. त्याने चार घड्यांचा कागद हालवारपुढे ठेवला. आकड्याची जागा रिकामीच होती.

“भरता आली नाही,” तो म्हणाला.

“सहा वाजून चारला सुरुवात केली. नऊपर्यंत पेटीत.”

“असं तू म्हणतोस.”

“अकरा माणसं साक्षीला आहेत.”

“सगळी तुझ्या हाताखालची. मी काही पाहिलं नाही. दुर्बिणीतून धुकं फक्त जवळ आलं.”

“मग लिही की दिसलं नाही.”

“न दिसलेल्याबद्दल लिहायला लागलो, तर पेपर पुरायचा नाही.” गुडलाइक जाणार, तेवढ्यात थांबला. “सकाळी आठ वाजता मात्र दिसायचे. अकराही दिवस. पोलंड बरोबर होता.”

हालवारच्या हातातला चमचा थांबला. “हे लिहिशील?”

“नाही,” गुडलाइक म्हणाला आणि शेजारच्या टेबलावर जाऊन केक कापायला बसला. कागद हालवारने खिशात घातला.

तेवढ्यात नगराध्यक्ष उठल्या. इंगेबोर्ग, चाळिशीच्या आतली, सहा वर्षांपूर्वी स्टावांगरहून आलेली. तिने पेल्यावर चमचा वाजवला आणि आभार मानायला घेतले. गाड्यांसाठी दंतवैद्याचे, कागदांसाठी न्यायाधीशबाईंचे, दोन हजार तीनशे वॅफलांसाठी सोल्फ्रीदचे. “आणि झेंड्यांसाठी,” ती म्हणाली आणि तिचा चेहरा उजळला, “अकरा दिवसांत एकही चूक न करणाऱ्या आपल्या मोनाकोचे!”

जिमखाना उभा राहिला. एवढ्या टाळ्या दंतवैद्यालाही मिळाल्या नव्हत्या. कोणीतरी मागून “मोनाको, मोनाको” सुरू केलं आणि पाय आपटायला लागलं. हालवारचे कान जळत होते. टाळ्या ओसरल्यावर तो उठला, टेबलांमधून वाट काढत इंगेबोर्गपाशी गेला आणि हळू आवाजात म्हणाला, “मला मोनाको का म्हणतात, माहीत आहे तुला?”

“माहीत आहे की,” ती म्हणाली. “तिकडे तुमचं घर आहे ना? मला आधी नवल वाटलं. म्हटलं, पाणीपुरवठ्याचं पेन्शन बरं दिसतंय.”

“घर नाही गं,” दंतवैद्य मध्येच म्हणाला. “मधुचंद्राला गेले होते दोघं. माझी आई सांगायची.”

“मी तर ऐकलं जुगारात जिंकला होता,” ग्रंथपालबाई म्हणाली. “म्हणून कधी बोलत नाही.”

टेबलावर कोणीच साठीच्या वरचं नव्हतं. सगळे त्याच्याकडे कौतुकाने बघत होते. हालवारने मान वळवली. शेजारच्या टेबलावर गुडलाइक रूस्ट केकचा घास तोंडाशी धरून थांबला होता. साऱ्या जिमखान्यात आता खरी गोष्ट ठाऊक असलेला, सोल्फ्रीद सोडली तर, तो एकटाच. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गुडलाइकने खिशातून पत्र काढलं नाही. पत्र हालवारच्याच खिशात होतं.

“कसं आहे तिकडे?” इंगेबोर्गने विचारलं. “या दिवसांत?”

“बरं असतं,” हालवार म्हणाला. “समुद्र आहे.”

“मार्चात बारा अंश,” गुडलाइक शेजारून म्हणाला. “सरासरी.”

“हो,” हालवार म्हणाला. “साधारण बारा.”

दोघांपैकी मोनाकोला कोणीच कधी गेलं नव्हतं.